पुढची डावी सीट

उमरसांगवीत खासगी गाड्यांना बंदी घालायची की नाही यावर गावाची सभा भरण्याच्या कितीतरी आधीपासून गुरुबसप्पांच्या घरात सभा सुरू होती. सभासद दोनच. गुरुबसप्पा, पेठेतले जुने किराणा-भुसार दुकानदार, बंदीच्या विरोधात. आणि त्यांच्या पत्नी नीलाबाई, बंदीच्या बाजूनं. कामकाज सकाळच्या चहाला सुरू व्हायचं, जेवणाला तहकूब व्हायचं आणि दुपारच्या चहाला परत उभं राहायचं. इतक्या वर्षांच्या संसारात भांडायला एवढा चांगला विषय कधी मिळाला नव्हता, आणि दोघंही तो सहजासहजी संपू देणार नव्हते.

"तुमची गाडी वेशीभायेर उभी राहिली तर तिला काय थंडी वाजनार हाय का?" नीलाबाई विचारायच्या.

"सवाल गाडीचा न्हाई. माझी गाडी मी कुठं लावायची, हे पंचायतीनं का सांगावं? आज गाडी. उद्या म्हणतील, चूल अंगणात मांडा."

"मांडंन की. आधी अंगण तर मोकळं होऊ द्या."

नीलाबाईंचंही खोटं नव्हतं. औशाहून आत वळणाऱ्या रस्त्यावरचं हे मोठं गाव. वेशीतून शिरलं की महादेवाच्या देवळापर्यंत सरळ पेठ, दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांना ओटे. एके काळी संध्याकाळी ओट्याखाली खुर्च्या टाकून माणसं बसायची. मग लातूरकडच्या जमिनींना भाव आला, पोरं नोकरीला लागली, आणि ज्याला त्याला हप्त्यावर गाडी घ्यायची हुक्की आली. गाडी घ्यायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची आणि म्हशीसारखी दारात बांधून ठेवायची. बाजारच्या दिवशी दोन गाड्या समोरासमोर आल्या, की मागं कुणी घ्यायचं यावरून एकमेकांची खानदानं उद्धरली जायची. गुरुबसप्पांची पांढरी अँबॅसिडर या सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत रुंद. ती पेठेतून निघाली की शेळ्यासुद्धा ओट्यावर चढायच्या.

ठराव आणला होता सरपंच पंचशीलाताईंनी. राखीव जागेवर ही तरुण बाई निवडून आली तेव्हा गावाचा अंदाज होता, की ती सांगू तिथं सह्या करील. तिनं सह्या करण्याआधी वाचायला सुरुवात केली आणि तिथून गावाची झोप उडाली. वेशीवर लोखंडी दांडा, बाहेरच्या माळावर गाड्यांसाठी मैदान, आणि आत फक्त पंचायतीच्या बॅटरीवरच्या गाड्या, दोन्ही बाजूंनी उघड्या, समोरासमोर बाकं असलेल्या. ठरावाला शेपूटही होतं: लग्नाचा मांडव रस्त्यात किती यावा, भोंगा कधी बंद व्हावा, उन्हाळ्यात बोअर किती वेळ चालावं. कायद्यात हे कितपत बसतं ते तालुक्याला विचारायला कुणी गेलं नाही. गुरुबसप्पांना या शेपटावर बोलायला भरपूर मिळायचं. जुलूम, हुकूमशाही, निजामशाही, सगळे शब्द ते वापरून घ्यायचे.

त्यांचं खरं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत, बसवतात. कपाळभर विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून, 'विमान' म्हणतात त्या सजवलेल्या पालखीत बसवून भजनाच्या गजरात नेतात, आणि मातीतही बसलेलाच ठेवतात. ज्याचा जीव घरी जातो त्याचं हे सगळं नीट होतं. पण आता जीव घरी जाऊ देतं कोण? माणूस लातूरच्या दवाखान्यात सरतो आणि ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला, आडवा, घरी येतो. येईपर्यंत अंग ताठलेलं असतं. मग पोरांना बापाचे गुडघे जोर लावून वाकवावे लागतात. हे ज्यानं एकदा केलं, तो ते जन्मात विसरत नाही.

गुरुबसप्पांनी वडिलांच्या वेळी ते केलं होतं. पुढं शेजारच्या घरातला म्हातारा लातूरला गेला, तेव्हा हे कुणी न बोलावता गाडी घेऊन गेले. म्हाताऱ्याला पुढच्या डाव्या सीटवर बसवलं, धोतरानं छातीशी आवळलं, डोक्यावर टोपी ठेवली, आणि शेताकडच्या मागच्या वाटेनं नीट उजाडायच्या आत घरी आणलं. मग दुसरं घर आलं, मग तिसरं. कुणाकडून काही घेतलं नाही. अट एकच असायची, "ह्याची वाच्यता करायची न्हाई. हीच गाडी लग्नाला जायची हाय."

कारण गावच्या पोरींची पाठवणी याच गाडीतून व्हायची. दरवाजा मोठा, शालू सांभाळून बसता यायचं, आणि पांढऱ्या रंगावर झेंडू उठून दिसायचा. मागं नवरदेव, करवल्या, मामा आणि दोस्त कोंबलेले असायचे, त्यामुळं नवरी पुढं, गुरुबसप्पाकाकांच्या शेजारी, काच खाली करून रडत. परवा त्याच सीटवरून कोण आलं होतं हे कळलं असतं तर किती व्याह्यांनी काकांना घेरलं असतं, ते न बोललेलंच बरं. म्हणून गुपित गुपितच राहिलं. गंमत अशी, की ज्या घरचं काम त्यांनी केलं त्या प्रत्येक घराला वाटायचं, हा उपकार आपल्या एकट्यावरच झाला. नीलाबाईंना एवढंच ठाऊक होतं, की नवरा मधूनच पहाटे लातूरला माल आणायला जातो आणि आल्यावर पुढची सीट गुलाबपाण्यानं पुसत बसतो. सोमवारी देवाला जाताना त्या स्वतः त्याच सीटवर बसायच्या. गुरुबसप्पा तिथं कधीच बसले नव्हते, कारण आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची छाती होत नसे.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस एकच, संगप्पा. पेठेत दुकानासमोर दुकान, लहानपणापासूनची दोस्ती, आणि गाडीतून उतरवताना दुसरा हात त्यांचाच. आता संगप्पाच लातूरच्या दवाखान्यात पडून होते. किडन्यांनी काम सोडलं होतं. नांदेडला नोकरी करणारा त्यांचा मुलगा संगमेश्वर रजा टाकून उशाशी बसला होता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी गुरुबसप्पा भेटायला गेले. संगप्पांनी पोराला चहाच्या निमित्तानं बाहेर पिटाळलं.

"गुरू, मला आडवं आनू नको."

"येडा हायेस का? तू चालत येशील."

"चालत आलो तर चहा पाज. न्हाई आलो तर बसवून आन. आनशील का न्हाई ते सांग."

"आनतो."

"दारापर्यंत."

"दारापर्यंत आनतो," गुरुबसप्पा म्हणाले, आणि मग मनातलं बोलून गेले. "पर उद्या तो ठराव हाय. तो पास झाला तर गाडी वेशीतच अडंल. म्हणून तर मी जीव तोडून बोलून राहिलो."

संगप्पांना हसू आलं. हसताना त्यांना धाप लागली. "मी उद्या तिथं असतो तर बंदीच्या बाजूनं हात वर केला असता."

"तू?"

"हाव. पेठेत खुर्ची टाकून बसायला जागा कुठं ठेवली तुमी लोकांनी? माझा ओटा तुझ्याच गाडीनं फोडला. मरायच्या आदी एकदा पेठेत निवांत बसावं म्हनतो."

"मंग मी शब्द कसा पाळू?"

"ते तू बघ," संगप्पा म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. दोस्त असा अडवणूक करणारा असला की माणसाला शत्रू लागत नाही, असं गुरुबसप्पांच्या मनात आलं. तरी उठताना त्यांनी त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

रीतीप्रमाणं महिलांची सभा आदल्या दिवशीच झाली होती. अध्यक्ष नीलाबाई. ठराव एकमतानं मंजूर. त्यामुळं दुसऱ्या दिवशी देवळापुढं गावाची सभा बसली तेव्हा निम्मं गाव आधीच ठरवून आलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याला घरी जेवायला जायचं होतं.

गुरुबसप्पा उठले. बोलायला ते कमी नव्हते.

"मंडळी, निजामानं सुद्धा आपल्या बैलगाड्या वेशीभायेर सोडायला लावल्या न्हवत्या. सरकार म्हनतं, पंधरा वर्सांची गाडी भंगारात घाला. पंचायत म्हनती, गाडी माळावर घाला. मंडपाला माप, भोंग्याला माप, बोअरला माप. एकदा का माप घ्यायची सवय लागली, की मंग माणसाच्या श्वासाला बी माप लावतील. पंचायतीचीच गाडी, पंचायतीचाच डायवर, पंचायतीचीच येळ. मंग आपलं काय राहिलं?"

टाळ्या पडल्या. नव्या गाड्यांचे मालक जास्त जोरात वाजवत होते.

नीलाबाई बायकांच्या घोळक्यातून उठल्या. पदर खोचला. नवऱ्याकडं न बघता सरपंचांकडं बघून बोलल्या, "माप घरात बी हाय, ताई. दुकानात साखर मापूनच देतेत की न्हाई? तवा जुलूम होत न्हाई. रस्ता सगळ्यांचा हाय. सगळ्यांचा म्हटला, की कुनाचं एकट्याचं चालू न्हाई. न्हाईतर ज्याची गाडी रुंद, त्याचीच पेठ."

हशा झाला. रुंद गाडी कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नाही. गुरुबसप्पांना राग आला, आणि राग आलेला असतानाच बायको छान बोलली याचा अभिमानही वाटला.

मग पंचशीलाताई म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स आणि आगीचा बंब यांना सूट आहे. पेशंट असेल तर पंचायतीची गाडी त्याच्या दारात जाईल. आणखी कुणाला, कशासाठी सूट पाहिजे असेल तर आत्ताच सांगा. कारण पटलं तर लिहून घेऊ."

गुरुबसप्पा परत उठले. सभा थांबली. त्यांनी सांगितलं असतं तर बाईंनी लिहून घेतलं असतं, याची त्यांना खात्री होती. एक वाक्य पुरलं असतं. पण समोरच सटवाजी बसले होते. सटवाजी मराठा शेतकरी, तालेवार, फेटा बांधून सभेला येणारे. त्यांची नात पुनम याच गाडीतून सासरी मुदखेडला गेली होती, आणि तिच्या पाठवणीच्या आठवड्यात त्या सीटवरून कोण येऊन गेलं होतं ते गुरुबसप्पांना लख्ख आठवत होतं. सटवाजी मोठ्या आपुलकीनं त्यांच्याकडं बघत होते.

गुरुबसप्पांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "निजामानं सुद्धा..."

"ते झालं," मागून कुणीतरी ओरडलं.

ते खाली बसले.

हात वर करायची वेळ आली. ठरावाच्या विरोधात नव्या गाडीवाल्यांचे हात होते, ते अपेक्षितच होतं. पण ज्यांच्याकडं सायकलसुद्धा नाही असेही काही हात वर गेले, खाली मान घालून, शेजाऱ्याला दिसू नये असे. गुरुबसप्पांनी एकेक हात ओळखला. एकेका घरचा म्हातारा, एकेका घरची म्हातारी अव्वा त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन गेली.  तरी ते हात पुरले नाहीत. ठराव मंजूर झाला.

पुढच्या सोमवारपासून दांडा पडला. शेताकडच्या मागच्या वाटेवर पंचायतीनं आडवी चारी खणली, चोरून गाड्या जाऊ नयेत म्हणून. ती चारी नीलाबाईंनी सुचवली होती. वेशीवर पाळीपाळीनं बायका उभ्या राहायच्या. अँबॅसिडर माळावर गेली आणि गुरुबसप्पा घरात बोलेनासे झाले. विषय जिंकूनही नीलाबाईंना करमेना, कारण आता उलट उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात संगमेश्वरचा फोन आला. डॉक्टर घरी न्यायला सांगत होते. म्हणजे काय सांगत होते, ते गुरुबसप्पांना कळलं. त्यांनी चपला पायात सरकवता सरकवता बायकोला एवढंच सांगितलं, "संगाला सुट्टी दिली. आनायला चाललो." नीलाबाईंना खरंच आनंद झाला. त्या म्हणाल्या, "मऊ भात टाकते," आणि भात टाकून वेशीवरच्या पाळीला गेल्या.

संगप्पांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. पुढच्या डाव्या सीटवर. त्यांनी हातानं सीट चाचपली. गुरुबसप्पांकडं बघून ओठांच्या कोपऱ्यात हसले, म्हणजे बघ, मी जागेवर आलो. लातूर मागं पडलं. संगमेश्वर मागून वडिलांचे खांदे धरून बसला होता. रस्त्याकडेला सोयाबीन पिवळं पडलं होतं.

"वेशीत अडवनार तुझी बायकू," संगप्पा बारीक आवाजात म्हणाले.

"अडवू दे. दांडा मोडून नेतो तुला."

"दांडा मोडू नको. गावाचा हाय."

"मंग शब्दाचं काय?"

 औसा आलं, किल्ला दिसला, बसस्टँडची गर्दी मागं गेली. गुरुबसप्पांनी पुन्हा विचारलं, "सांग की, शब्दाचं काय करू?" आणि उत्तर आलं नाही तेव्हा वळून बघितलं.

गाडी त्यांनी एका कडुलिंबाखाली घेतली. संगमेश्वर रडत म्हणाला, "काका, ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"कशाला? बाप बसलाय तुझा."

त्यांनी संगप्पांचे डोळे मिटले, चष्मा तसाच ठेवला. डबीतली विभूती कपाळाला लावली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि वर उजवा हात ठेवला. खांद्यावरची शाल छातीवरून मागं घेऊन सीटला गाठ मारली.  मग सुकाणूमागं बसून त्यांनी गाडी सुरू केली.

वेशीवर पोचले तेव्हा दुपार होती, आणि मागच्या वाटेवर चारी होती. लपायला जागा कुठं उरलेली नव्हती. सटवाजी पारावर बसले होते. पंचायतीच्या गाडीचा ड्रायव्हर बालाजी बाकावर पाय पसरून पेरू खात होता. नीलाबाई गाडी बघून लगबगीनं डाव्या खिडकीशी आल्या.

"शरणार्थ, अण्णा! आलात का? लई बरं झालं. चेहरा किती उतरलाय तुमचा." मग जरा ओशाळून, पण ठामपणानं म्हणाल्या, "पर गाडी आत जायची न्हाई बरं का. तुमी उतरा, बालाजीच्या गाडीत बसा. दारात सोडतो तो. भात टाकलाय मी."

संगप्पा बसून होते.

"असे का गप? मी काय करू अण्णा, दोस्ताच्या गाडीला येगळा नियम कसा लावू?" नीलाबाईंनी खिडकीतून हात घालून त्यांच्या हातावर ठेवला. त्या हाताखाली लिंग होतं. त्यांचा हात तिथंच राहिला. मागच्या सीटवर संगमेश्वर हुंदका देऊन रडला.

 बालाजीनं पेरू टाकला.

"दांडा वर कर," गुरुबसप्पा म्हणाले.

नीलाबाईंनी दांड्याकडं बघितलं. दोरी त्यांच्या हाताशी होती. पेठेतली माणसं ओट्यांवर उठून उभी राहत होती.

"नीला, दारापर्यंत आनतो म्हनून शब्द दिलाय त्याला. वर कर."

"बालाजी, गाडी हिकडं घे," नीलाबाई म्हणाल्या.

"हा ठराव न्हाई, माणूस हाय!" गुरुबसप्पा ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते सभेतही बोलले नव्हते.

"ठावं हाय मला." नीलाबाईंचा आवाज फुटला. "माणसाला चोरावानी काचंआडून कशाला नेता? दारापर्यंतच नेते की. उघड्यावरून नेते, सगळ्यांच्या म्होरून."

 गुरुबसप्पांनी उतरून डावा दरवाजा उघडला. शालीची गाठ सोडली, एक हात पाठीमागून बगलेत घातला, दुसरा गुडघ्यांखाली, मानेला आपल्या खांद्याचा आधार दिला, आणि संगप्पांना बसल्या स्थितीत तसंच उचललं. दुसऱ्या बाजूनं सटवाजी न सांगता पुढं झाले. बालाजीच्या गाडीतल्या बाकावर टेकवताना चष्मासुद्धा हलला नाही. नीलाबाई नवऱ्याच्या हातांकडं बघत होत्या. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाचे हात असे चालत नाहीत. त्यांना एकेक पहाट आठवली, गुलाबपाणी आठवलं, आणि सगळं कळलं.

सटवाजींनाही कळलं. ते रिकाम्या सीटकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अप्पा, आमची पुनम ह्याच शिटावर..."

गुरुबसप्पांनी मान खाली घातली. "हाव."

 "पोरगी सुखात हाय," सटवाजी शेवटी म्हणाले. "दोन लेकरं हायेत." आणि बाकाच्या टोकाला धरून चालायच्या तयारीनं उभे राहिले.

नीलाबाई गाडीत संगप्पांच्या शेजारी बसल्या, खांद्याला खांदा लावून, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून. गाडी आवाज न करता निघाली. पेठ मोकळी होती. ओट्यांखाली परत खुर्च्या आल्या होत्या. कुणी लांबून हात केला, "सुट्टी झाली का अण्णा?" आणि गाडी जवळ आल्यावर टोपी काढून उभं राहिलं. एकेका दुकानातून माणसं उतरली आणि मागं चालू लागली. कुणीतरी भजन धरलं. संगप्पा पेठेत बसून होते, निवांत, आणि सगळी पेठ त्यांना बघत होती.

गुरुबसप्पा सगळ्यांत मागं चालत होते. त्यांना रडू येत होतं आणि हरल्याचा रागही येत होता, आणि दोस्ताला हे आवडलं असतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या गाडीतून अंधारात आणलेल्या सगळ्यांची त्यांना माफी मागावीशी वाटली. मग त्यांनी विचार केला, तेव्हा पेठेत जागा तरी कुठं होती?

माती झाल्यावर गावात दोन प्रकारची बोलणी झाली. काही घरं एकमेकांना विचारत होती, "तुमच्या अव्वाला बी?" आणि विचारता विचारता डोळे पुसत होती. काही घरं लेकीबाळींना फोन लावून तब्येत विचारत होती. सगळेच काही सटवाजींसारखे नव्हते. त्या गाडीला पुन्हा नवरी मिळाली नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुबसप्पा गुलाबपाण्याची बाटली घेऊन माळावर गेले. मागोमाग नीलाबाई आल्या. त्या उभ्या राहिल्या, हे पुसत राहिले.

"मामंजींचे गुडघे वाकवताना मी दाराआडून बघितलं होतं," नीलाबाई म्हणाल्या. "मला का न्हाई सांगितलं?"

"तू बसायचीस ना हितं. सांगितलं असतं तर बसली नसतीस."

नीलाबाई पुढं आल्या, त्यांना बाजूला सारलं आणि ओल्या सीटवर बसल्या. पदर सावरला. काच खाली केली.

"हे बघा, माझी येळ आली तर मला ह्या गाडीतून पेठेत न्यायचं न्हाई. पंचायतीच्या गाडीतून न्यायचं. उघड्यावरून, संगाअण्णावानी."

बरेच दिवस गप्प बसलेल्या गुरुबसप्पांना जरा हुरूप आला. "आन लातूरपासून? तुझ्या बालाजीची बॅटरी औशालाच बसंल."

नीलाबाईंनी विचार केला. "वेशीपर्यंत तुमची चालंल."

"झालं तर मंग." हा मुद्दा आपण जिंकला की हरलो, हे गुरुबसप्पांना ठरवता येईना. बाटलीला बूच लावता लावता ते थांबले. "पर मी आदी गेलो तर? संगा गेला. मला कोन आनंल?"

हे बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. माळावर वारा होता, ताडपत्र्या फडफडत होत्या. नीलाबाई समोरच्या काचेतून वेशीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी साडी गुडघ्याशी गोळा केली आणि गिअरवरून पाय टाकत, कण्हत, सरकत सरकत सुकाणूमागं जाऊन बसल्या.

"शिकवा मला," त्या म्हणाल्या. "कुठला पाय कशावर ठेवायचा?"

"क्लच डाव्या पायाखाली. हळू. एकदम सोडू नको."

"भायेरून काय सांगता? आत बसा."

गुरुबसप्पांनी बाटली बोनेटवर ठेवली. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता. डावा दरवाजा उघडाच होता. सीट अजून ओली होती. ते वाकले, आणि पुढच्या डाव्या सीटवर बसले.